नंबरताई धबधबा चढल्या

पायाकडे एकदा बघितलं की नंबरताई नंबर सांगायच्या. माणूस अजून गाडीतून पुरता उतरलेलाही नसायचा.

"आठ. पण अंगठा लांब आहे, नऊ घ्या."

"अहो, मी जन्मभर आठच घालतोय."

मग त्या मुकाट्याने आठचा जोड द्यायच्या आणि नऊचा हाताशी काढून ठेवायच्या. दोन मिनिटांत गृहस्थ लंगडत परत यायचे.

धबधब्याच्या पायथ्याशी, तिकिटाच्या खिडकीला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. रबरी बुटांशिवाय कुणाला पाण्यात सोडत नसत, त्यामुळे वर चढायला आलेला प्रत्येक पर्यटक आधी नंबरताईंच्या बाकावर बसायचा. परत आलेले बूट औषधाच्या पाण्यात बुचकळायचे, आतली रेती झटकायची आणि मागच्या बांबूंवर उलटे टांगायचे, हे त्यांचं अठरा वर्षांचं काम. ओल्या रबराचा वास त्यांच्या केसांतसुद्धा मुरला होता. संध्याकाळी घरी गेल्या की लेक नाक मुरडून म्हणायची, "आई, आज तुला साधारण सात नंबरचा वास येतोय."

हा धबधबा काही एका उडीत कोसळणारा नव्हता. जिन्यासारखा टप्प्याटप्प्याने, आरामात खाली यायचा. त्यातून, एकमेकांचे हात धरून, लोक खालून वर चढायचे. पुढे गाइड, मागे दहा-बारा जणांची साखळी, सगळे चिंब, सगळे किंचाळत. वर पोचायला तासभर लागायचा. बाजूने जंगलातून लाकडी पायवाट होती आणि दोन ठिकाणी तिच्यावर बाहेर पडता यायचं, ज्यांची हौस मध्येच फिटेल त्यांच्यासाठी.

नंबरताईंचे यजमान बावीस वर्षांपासून तिथे गाइड, सगळ्यात जुने. त्यांना कोरड्या कपड्यांत कुणी क्वचितच पाहिलं होतं, म्हणून सगळे त्यांना बदकभाऊ म्हणायचे. प्रत्येक गट निघण्यापूर्वी दुकानासमोर, धबधब्याकडे पाठ करून ते उभे राहायचे आणि वाटेतल्या दगडांची नावं घेत भाषण द्यायचे. "मंडळी, आधी लागेल उंबरठा. तो ओलांडायचा, त्यावर बसायचं नाही. मग तीन भावंडं. थोरला भक्कम, धाकटा भक्कम, मधला वाह्यात, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मग न्हाव्याची खुर्ची. तिथे बसलात की डोकं फुकटात धुऊन मिळेल. मग आरसा..." हे भाषण दिवसातून चार वेळा. नंबरताईंना ते खोकल्याच्या जागांसकट पाठ होतं. रात्रीच्या जेवणाला पुन्हा तेच : आज अमका मधल्या भावंडावर घसरला, तमकीची टोपी बोळात वाहून गेली. भाताचा घास हातात धरून ते सांगत बसायचे आणि त्या म्हणायच्या, "आधी जेवा. धबधबा उद्याही तिथेच आहे."

पण त्या स्वतः कधीच चढल्या नव्हत्या.

कारण विचारलं तर त्या विषय बदलायच्या, म्हणून बदकभाऊ सांगायचे, तेही बायको जवळपास नाही हे बघून. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेने बायकोला वर न्यायचं ठरवलं. नवे कपडे, नवी उमेद. दुसऱ्याच मिनिटाला मधल्या भावंडाने दगा दिला आणि नवी नवरी गुडघाभर पाण्यात फतकल मारून बसली. मागच्या तीस पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढंही चाललं असतं. पण नवराही हसला. पोट धरून हसला. ती उठली, कपडे पिळले आणि म्हणाली, "या पाण्यात पुन्हा पाऊल ठेवलं तर नाव बदलेन." नंतर बदकभाऊंनी शंभरदा माफी मागितली, कान धरले, एकदा भर दुकानासमोर उठाबशाही काढल्या. पण व्यर्थ. पुढे पुढे तो राग होता की भीती, हे नंबरताईंनाही सांगता आलं नसतं.

ज्या दिवशी हे सगळं बदललं, तो दिवस तसा साधाच होता. बाकीच्या दोन गाइडांपैकी एकाची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात, म्हणून तो रजेवर. दुसरा गाइड मोठा गट घेऊन पार माथ्यावर. दुपारच्या गटाला बदकभाऊ घेऊन गेले. अकरा माणसं. त्यांत सहा नंबरच्या एक चष्मेवाल्या आजी होत्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आणि अकरा नंबरचे एक बँकेतले साहेब, ज्यांनी बूट घालताना तीनदा विचारलं होतं, "हे सुरक्षित आहे ना?"

अर्ध्या तासाने शिट्टी वाजली. लांब, लांब, लांब. तीनदा.

नंबरताईंच्या हातातला बूट बादलीत पडला. तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी. तिकीटवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ताई, वरच्याला वायरलेसवर सांगतो, पण त्याला त्याचा गट सोडून, जंगलातून वळसा घालून यायला पाऊण तास तरी लागेल."

"आणि खालची पायवाट?"

"फळ्या कुजल्यात म्हणून कालच बंद केली ना! सुतार उद्या येणार."

नंबरताईंनी वर पाहिलं. डोंगरमाथ्यावर ढग दाटले होते, शाई सांडल्यासारखे. वर पाऊस झाला की अर्ध्या तासात खाली पाणी गढूळ होतं आणि मग धबधबा जिन्यासारखा वागत नाही, हे त्यांनी जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की तेही भाषणाइतकंच पाठ झालं होतं.

त्यांनी पाचचा एक जोड ओढला, पायांत घातला.

"ताई, तुम्ही?" तिकीटवाला म्हणाला.

"मग काय तू जातोस? तुला पोहता येतं?"

त्याला येत नव्हतं. खरं तर ताईंनाही फारसं येत नव्हतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

उंबरठा त्यांनी ओलांडला. पाणी इतकं गार होतं की तोंडातून आपोआप नवऱ्याच्या नावाने काहीतरी निघालं. तीन भावंडं आली. थोरल्यावर पाय, मधल्याला वगळून लांब ढांग, धाकट्यावर पाय. त्यांना नवल वाटलं ते याचं, की मधला दगड अगदी लहान होता. घरच्या पाटाएवढा. इतकी वर्षं त्यांच्या मनात तो घराएवढा झाला होता.

न्हाव्याच्या खुर्चीपाशी सगळे अंग आक्रसून उभे होते. बदकभाऊ खुर्चीवर बसलेले, डोक्यावर पाण्याची धार, उजवा घोटा सुजून भोपळा झालेला. बायकोला बघून त्यांचे डोळे विस्फारले.

"अगं, तू? चढून आलीस?"

"नाही, उडत आले. मोडलाय का?"

"मुरगळलाय नाहीतर मोडलाय, कळत नाही. उभं राहता येत नाही. खाली उतरवायचं तर ही माणसं घसरतील, उतरणं चढण्यापेक्षा अवघड. वर आरसा, मग बोळ, की वरची पायवाट लागतेच. पण पुढे कुणीतरी हवं. मी मागून ओरडलो तर या आवाजात कुणाला ऐकू जाणार?"

बँकवाले साहेब पुढे सरसावले. "हे पाहा, मी सुचवतो, आपण सर्वांनी इथेच थांबावं आणि रीतसर मदतीची..."

"साहेब, वरचा ढग बघा," ताई म्हणाल्या.

साहेबांनी बघितलं आणि रीतसर मदत तिथेच सोडून दिली.

"ताई, तुम्ही किती वेळा चढलाय?" चष्मेवाल्या आजींनी विचारलं. त्यांचा आवाज अजूनही वर्गातलाच होता.

नंबरताईंना खोटं बोलता आलं असतं. "एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "पण वाट पाठ आहे."

आजींनी क्षणभर चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "चला. मी पहिली."

साखळी झाली. पुढे ताई, मग आजी, मग बाकीचे. बदकभाऊ शेवटून दुसरे आणि त्यांच्या मागे नव्या लग्नाचा एक दांडगा तरुण, त्यांना खालून ढकलायला.

आरसा म्हणजे दोन पुरुष उंचीचा गुळगुळीत, तिरका दगड. भाषणात होतं : 'आरशात बघायचं नाही, आरशावर रांगायचं. आधी हात, मग गुडघे, आणि उजवीकडच्या भेगेत बोटं घालायची.' ताई रांगत निघाल्या. उजवीकडे हात फिरवला. भेग नव्हती. आणखी लांब फिरवला. नुसता साबणासारखा दगड. गुडघा सरकला.

"अहो!" त्या मागे ओरडल्या. "उजवीकडे भेग नाहीये!"

बदकभाऊंनी कानाला हात लावला. ऐकू येत नव्हतं.

दगडाला गाल चिकटवून ताई तशाच पडून राहिल्या. डोळे मिटले आणि दुकान आठवलं. बाकावरचे पर्यटक धबधब्याकडे तोंड करून बसलेले. त्यांच्यासमोर हा माणूस, धबधब्याकडे पाठ करून, उजवा हात उंचावून बोलतोय...

पाठ करून!

त्यांनी डावा हात लांबवला. चार बोटं मावतील अशी सुरेख भेग अगदी जागेवर होती.

"बावीस वर्षं!" त्या दगडाला म्हणाल्या. "बावीस वर्षं हा माणूस लोकांना उलटं सांगतोय!"

"काय झालं?" आजींनी खालून विचारलं.

"काही नाही. डावीकडे भेग आहे. डावीकडे! मागे सांगा!"

"डावीकडे!" आजींनी अशा सुरात सांगितलं, की शेवटच्या बाकापर्यंत पोचावं. एकेक जण वर आला. बदकभाऊंना आरसा सोपा गेला, कारण तिथे सगळेच गुडघ्यांवर होते.

बोळ म्हणजे दोन कातळांमधली अरुंद फट, छातीएवढं पाणी. तिथे बँकवाले साहेब अडकले. पुढे होईनात, मागे होईनात. चेहरा लालबुंद.

"साहेब, श्वास धरून ठेवलाय का?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी मान डोलावली.

"सोडा तो. सगळा सोडा."

साहेबांनी श्वास सोडला, पोट आत गेलं आणि बाटलीच्या बुचासारखे ते पलीकडे निघाले. त्यांच्यामागून बदकभाऊ आले. पाण्याने त्यांना उचललंच होतं, दुखरा पाय वर धरून ते पाठीवर तरंगत, कातळाला हात लावत लावत आले. त्या गारठ्यातही अकराच्या अकरा माणसं हसली. ताईही हसल्या, आणि चांगल्या पोटभर हसल्या.

पायवाटेच्या फळ्यांवर शेवटचा माणूस चढला आणि जेमतेम दहा मिनिटांत खालचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. न्हाव्याची खुर्ची दिसेनाशी झाली. चष्मेवाल्या आजींनी चष्मा पुसला आणि ओल्याच रुमालाने पुसल्यामुळे तो आणखी धुरकट झाला. सगळं संपल्यावर ताई फळीवर बसल्या आणि नवऱ्याचा हात धरून ठेवला. वरचा गाइड येईपर्यंत सोडला नाही.

घोटा मोडलेलाच निघाला. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. बदकभाऊंना दुकानात बसवलं आणि तिथे त्यांनी जो गोंधळ घातला त्याला तोड नाही. सहाच्या बाईंना नऊ, नऊच्या बुवांना सहा, एका गृहस्थाला दोन्ही डावे. बांबूवर बूट टांगताना जोड्या फुटल्या त्या फुटल्याच.

आणि नंबरताई? त्यांनी व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं, "गाइड कमी आहे, मला घ्या." व्यवस्थापकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "परवाना लागतो. परीक्षा असते. लेखी, तोंडी आणि चढाई."

"कधी असते?"

"पुढच्या महिन्यात आहे. पण या वयात..."

"वयाचं मी बघते. तुम्ही अर्ज द्या."

महिनाभर लेकीने अभ्यास घेतला, प्रथमोपचाराच्या पुस्तकातून प्रश्न विचारत. बँडेज बांधायच्या सरावाला प्लॅस्टरमधला नवरा आयताच होता. एका संध्याकाळी त्याच्या दोन्ही हातांना आणि डोक्याला पट्ट्या होत्या आणि शेजारीण बदकभाऊ जिवंत आहेत ना, हे विचारायला आली. पोहण्यासाठी ताई पहाटे वरच्या डोहावर जायच्या, तिकीटवाल्यालाही सोबत ओढून. तो दोन आठवड्यांत त्यांच्यापेक्षा बरा पोहायला लागला, हे त्यांना अजून खुपतं.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "चढताना एखादा पर्यटक घाबरून जागीच थिजला, तर काय कराल?"

"त्याला काम देईन," ताई म्हणाल्या. "मागच्याला निरोप सांगायचं. निरोप पोचवणाऱ्याला घाबरायला वेळ नसतो."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. नंबरताई पास झाल्या. लेखीत मात्र काठावर.

परवान्यानंतरचा पहिला गट त्यांनी भर सुट्टीत नेला. नऊ माणसं, त्यांत दोन भांडकुदळ भाऊ आणि एक शिंकणारी मावशी. निघण्यापूर्वी त्या धबधब्याकडे तोंड करून, लोकांच्याच बाजूला उभ्या राहिल्या. दुकानातून बदकभाऊ मान लांब करून ऐकत होते.

"मोठ्याने बोल!" ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू येत नाहीये!"

"तुम्ही त्या काकांना आधी दुसरा बूट द्या," ताई म्हणाल्या, "ते एका पायावर उभे आहेत." आणि मावशींचा हात धरून पाण्यात उतरल्या.