सगळ्यायलेच कुंकू

केळापूरच्या धम्मदीपनं लोकायचे कॉम्प्युटर बिघडवत-बिघडवतच दुरुस्ती शिकली. आता पांढरकवड्यात कोणाची मशीन बंद पडली का पहिली हाक त्यालेच. माणूस कामाचा, पण घाईचा. एकदा ठरवलं का पुन्हा पाहणं त्याच्या अंगातच नाही.

त्या सकाळी तो टायपिंगच्या क्लासात बसला होता. दुपारी परीक्षा. "तपासनिसायले मशीना चालू नाही दिसल्या तं परीक्षेचं केंद्र यवतमाळले जाते," क्लासवाल्या निकिता मॅडमनं बजावलं, "अन् मुकुटबनच्या पोरी एसटीत बसल्या बी."

धम्मदीपनं एका डिस्कवर विंडोज, मराठी फॉन्ट, परीक्षेचं सॉफ्टवेअर, सारं टाकून ठेवलं होतं. तिचीच नक्कल बाकीच्या मशीनीयच्या नव्या कोऱ्या डिस्कायवर उतरवायची होती. टेबलावर मांडल्या तं सगळ्या जुळ्या बहिणीवाणी. भरलेलीवर खूण करावी म्हटलं, तं पेन उमटेना. ड्रॉवरमध्ये दसऱ्याच्या पूजेची कुंकवाची पुडी सापडली. त्यानं बोट ओलं केलं, भरलेलीले टिळा लावला अन् चहाले गेला.

परत येऊन पाहतो तं सगळ्याच डिस्का कुंकू लावून बसलेल्या!

"इंदूबाई! हे कोणं केलं?"

"म्या," झाडू टेकवत शिपाईण म्हणाली. "एकीलेच कुंकू लावतेत काय रे बाबू? दसऱ्याले सगळ्या मशीनीयले लागते. बाकीच्यायनं काय पाप केलं?"

"अवो माय, खूण होती ते!"

एक-एक लावून पाहिली असती तं भरलेली सापडली असती. पण घड्याळ पाहून त्याचं डोकं फिरलं. ज्या टिळ्याचा रंग गडद तेच आपली, असं धरून त्यानं तिले दुसरी जोडली अन् हिच्यावरून तिच्यावर नक्कल सोडली. काम झाल्यावर मशीन चालू केली, तं पडदा काळा. दुसरी डिस्क लावली, तरी काळाच. कोऱ्या डिस्कची नक्कल त्यानं भरलेल्या डिस्कवर उतरवली होती. सारं केलेलं आपल्याच हातानं पुसलं.

"कायले पडलो मी या धंद्यात!" त्यानं पेचकस आदळला.

तपासनीस आले, काळे पडदे पाहून गेले. केंद्र यवतमाळले गेलं. एसटीतून उतरलेल्या पोरी तशाच माघारी फिरल्या. एक जाता-जाता बोललीच, "दादा, काल सांगतलं असतं तं घरी झोपलो नसतो काय?"

मॅडम तं त्याच्याकडे पाहतही नव्हत्या. धम्मदीपनं पहिल्यापासून विंडोज टाकाले घेतलं. डिस्क भरली तशी या खेपेला खिळा घेऊन तिच्यावर करकचून फुली ओरखडली.

इंदूबाई दारातून पाहून राह्यली होती. "मंग बाकीच्यायलेही ओरखडू काय?"

धम्मदीपनं डिस्क खिशात घातली, अन् मंगच चहाले गेला.