श्यामराव आणि मणेरीकरांची सही

बालीगंजला आमच्या वरच्या मजल्यावर श्यामराव आणि कालिंदीताई खांबेटे राहत. श्यामराव एस्प्लनेडजवळच्या एका बँकेत सह्या तपासत. चेकवरची सही खातेदाराच्या नमुन्याशी ताडून पाहायची आणि मगच चेक पुढे सोडायचा, हे त्यांचं काम. कलकत्त्यात माणसं किती लिप्यांत सह्या करत! बंगाली, इंग्रजी, उर्दू, मारवाडी पेढ्यांवरची ती बिनमात्रांची अक्षरं. त्यातल्या निम्म्या श्यामरावांना वाचता येत नसत. "सही वाचायची नसते, पाहायची असते," ते म्हणत. "तोंडवळा असतो तिला."

त्या दिवसांत नटनट्यांना आणि क्रिकेटवाल्यांना पत्र घालून सहीचा फोटो मागवायचं वेड सगळ्या गल्लीला लागलं होतं. फोटो आला की पोरी तो घेऊन खांबेट्यांचा जिना चढत. समोरच्या घोषांची सुचित्रा एकदा एका सिनेनटाचा फोटो घेऊन आली, तेव्हा मी तिथेच वाटाणे सोलत बसले होते. श्यामरावांनी फोटो खिडकीशी नेऊन तिरका धरला.

"शिक्का आहे," ते म्हणाले. "पेन कागदात थोडं तरी रुततं. इथे बघ, सगळं सपाट. आणि शाई सुरुवातीला जेवढी, तेवढीच शेवटाला."

"काकाबाबू, एकदा तरी खोटं बोला ना!" सुचित्रा जवळजवळ रडकुंडीला आली होती.

"तू एकदा तरी खरा फोटो आण."

"काकीमा, या माणसाबरोबर तुम्ही राहता कशा?"

"माझ्या स्वयंपाकाची तारीफ यांनी अजून केलेली नाही," कालिंदीताई म्हणाल्या. "जेव्हा करतील तेव्हा ती खरी असेल, या आशेवर राहते."

कालिंदीताई मिरजेच्या. लहानपणी त्यांच्या परसामागच्या घरात एक नाटक मंडळी उतरली होती. मंडळीतले गायक नट रघुनाथराव मणेरीकर पहाटे भिंतीपलीकडे रियाज करत. कालिंदीताई अलीकडे पाणी भरत. ऐकून ऐकून त्या गाण्यातली एक जागा त्यांच्या गळ्यात बसली आणि एकदा पाणी भरताना ती सहज बाहेर पडली. पलीकडचं गाणं थांबलं. "कोण गं ती? परत म्हण बघू," असा आवाज आला. त्यांनी परत म्हटली. "वा!" एवढंच पलीकडून आलं. मंडळी गाव सोडून निघाली तेव्हा वडिलांनी त्यांच्यासाठी नाटकाच्या जाहिरातीवर रघुनाथरावांची सही आणली. मोडीतली, चाबूक ओढल्यासारखी. लग्नानंतर गाणं राहिलं. सासरी ते चालणारं नव्हतं, आणि कलकत्त्यात आल्यावर कुणाला सांगणार? तो "वा" मात्र त्यांनी जपला होता. मला तो प्रसंग त्यांनी कितीदा सांगितला असेल, आणि दर वेळी त्यातले रघुनाथराव ऐन तिशीतले, काळेभोर केस मागे वळवलेले.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका मासिकातून त्यांना कळलं की रघुनाथराव हयात आहेत, पुण्याला असतात. त्यांनी धीर करून पत्र लिहिलं. भिंतीचं, पाण्याचं, त्या जागेचं सगळं लिहिलं. महिन्याभराने पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. भूमिकेतला एक जुना फोटो, त्याच्या पाठीवर मोडीत एक ओळ आणि खाली सही. श्यामरावांनी ओळ वाचून दाखवली: चि. कालिंदीस आशीर्वाद.

मला मोडी ओ की ठो कळत नव्हती. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. पण कालिंदीताईंचा चेहरा मला वाचता येत होता. त्यांनी जाहिरातीचा जुना कागद ट्रंकेतून काढून नवऱ्यापुढे ठेवला आणि हसत म्हणाल्या, "घ्या. तपासा."

श्यामराव बराच वेळ दोन्ही सह्यांकडे पाहत राहिले.

"अहो, बोला की."

"हात तो नाही," ते हळू म्हणाले. "ही फार कापरी आहे. कुणी शिष्याने समोर नमुना ठेवून सावकाश गिरवलेली दिसते."

कालिंदीताईंनी फोटो उचलला. "त्यांना मी आठवते की नाही, ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "माझं पत्र त्यांनी वाचलं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. शिष्याने गिरवली असेल तर पत्रही त्यानेच वाचलं असेल, आणि टाकलं असेल."

त्या रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं. त्या जेवायला वाढत, हसत, माझ्याबरोबर बाजारात येत. पण रघुनाथरावांचं नाव त्यांनी घेणं सोडलं. पाणी भरताना एरवी त्या काहीतरी गुणगुणत असत, तेही बंद झालं. श्यामराव एकदा जिन्यात मला म्हणाले, "खरं सांगून मी काय मिळवलं हो?"

असे आठ-पंधरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी श्यामराव बँकेतून परस्पर आमच्याच दारात उभे राहिले. घाम पुसायचंही भान नव्हतं. "दादा आहेत का घरात?" त्यांनी विचारलं. दादा म्हणजे माझे सासरे. "त्यांना वर घेऊन या. आत्ता."

वर गेल्यावर कळलं ते असं. त्या दिवशी प्रमथबाबू नावाचे एक म्हातारे खातेदार बँकेत येऊन भांडले होते. त्यांचा चेक श्यामरावांनी सही जुळत नाही म्हणून परत पाठवला होता. "मोशाय," ते म्हणाले, "तुमच्याकडची सही माझ्या लग्नाच्या वेळची आहे. माझे दात तेव्हाचे उरले नाहीत, सही कुठून उरेल?" अशा वेळी नवा नमुना घ्यायचा ही बँकेची रीतच. श्यामरावांनी कार्ड पुढे केलं आणि प्रमथबाबूंचा हात चालताना पाहिला.

"थरथरत होता, पण थांबत नव्हता," ते आता बायकोला सांगत होते. "अगं, रघुनाथराव आज सत्तरीच्या पुढे असतील. आपल्या घरात ते म्हातारे झालेच नाहीत, म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाही. सही त्यांचीच आहे."

कालिंदीताईंनी हातातली परात खाली ठेवली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"मी?"

"तुम्हीच. पंधरा दिवस माझं तोंड बघताय. आता बायकोची दया आली. नको मला. तुमचा शब्द तरी खरा राहू दे."

श्यामरावांनी टेबलावर कागद, टाक आणि भिंग मांडलं. "माझ्या शब्दावर जाऊच नकोस. ती जुनी सही समोर ठेव आणि गिरव."

कालिंदीताईंनी जीभ दातांत धरून गिरवली. मग कागद दादांपुढे आला. दादांचा हात दोन वर्षांपासून कापत होता. चहा ते बशीतूनही सांडत. "कशावर सही घेताय?" त्यांनी विचारलं. "घर लिहून घेत असाल तर सूनबाईला विचारा, तिने ते आधीच घेतलंय." आणि जुन्या सवयीने त्यांनी मोडीत सही ठोकली.

"आता भिंगातून बघ," श्यामराव म्हणाले. "मोडी लिहिताना हात उचलत नाहीत, तू गिरवताना मात्र उचललास. जिथे जिथे नमुन्याकडे पाहायला थांबलीस, तिथे शाईचा ठिपका आहे. दादांची रेघ वेडीवाकडी आहे, पण एकदा निघाली ती शेवटपर्यंत गेली. आता फोटोवरची बघ. मी काही बोलत नाही."

कालिंदीताई भिंगावर वाकल्या. आम्ही सगळे उभे. खाली ट्राम जाताना खिडकीची तावदानं वाजली. त्यांनी आधी स्वतःचा कागद पाहिला, मग दादांचा, मग फोटो. पुन्हा दादांचा. बोटाने ती रेघ त्यांनी हवेतल्या हवेत गिरवली, न थांबता.

"कुठेच ठिपका नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आशीर्वादाच्या ओळीतसुद्धा नाही."

"नाही."

त्या खुर्चीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. दादा घाबरून म्हणाले, "अहो, माझी सही इतकी वाईट आहे का?" त्यावर त्या हसल्या, आणि डोळे पुसत रडतच राहिल्या. "केवढा कापतो हो त्यांचा हात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि तशा हाताने त्यांनी माझं नाव लिहिलं."

त्यानंतर श्यामरावांपुढे कुणीही सही ठेवली, की ते आधी माणसाचं वय विचारत. सुचित्राला ते भारी हास्यास्पद वाटे.

कालिंदीताईंनी रघुनाथरावांना पुन्हा पत्र लिहिलं आणि पेटीत टाकण्याआधी मला वाचायला दिलं. फोटो पोचला, एवढंच त्यात होतं, आणि शेवटी विनंती: आपण उत्तर लिहू नये, हाताला त्रास देऊ नये, मी इकडे सकाळी गात असते.