हळदीत नाव आलंच पाहिजे

चार माणसं वाद्यांसकट एका टेंपोत कोंबली की किस्से आपोआप साचतात. सांगायची सोय नसते, कारण टेंपोत मंदाताई असते आणि किस्से बहुतेक तिचेच असतात. आज ती माहेरी गेलीय, तेवढ्यात उरकून घेते.

मी आमच्या हळदीची गाणी म्हणणाऱ्या पार्टीतली कोरस. कोरस म्हणजे मुख्य गायिका श्वास घेते तेव्हा जी ऐकू येते ती! मंदाताई श्वास फार कमी घेते, त्यामुळे माझं करिअर कसं चाललंय ते तुमच्या लक्षात आलं असेल. ढोलकीवर इस्माईलभाई, त्यांचं कर्जतच्या बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. कीबोर्डवर नंदू, बुकिंगही तोच घेतो. फोनवर "हो हो, येतो" म्हणणं एवढीच त्याची बुकिंगची पद्धत. घर कुणाचं, हे तो गावात पोचल्यावर विचारतो.

आणि मंदाताई. कर्जत काय नि खालापूर काय, दोन्ही तालुक्यांत हळद म्हटली की मंदाताई. ती गायला लागली की पोरं नाचता नाचता थांबून ऐकतात. डीजेवाल्यांच्या मते हा तिचा मोठा दोष आहे.

*

तिच्या गाण्यात घरातल्या माणसांची नावं येतात. आई, मावशी, वहिनी, आत्या, मामा. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं, पाटाशी यायचं, हळद लावायची आणि पुढचं नाव आलं की बाजूला व्हायचं. हळद लागायच्या आधी मी आत जाऊन बायांकडून नावं पाठ करून येते आणि गाताना तिच्या कानात एकेक सांगते. माझं खरं काम हे. कोरस आपलं तोंडी लावायला.

नाव राहिलं की संपलं! खालापूरकडच्या एका हळदीत एक मामा राहिले. आम्ही सामान भरायला गेलो तर मामा टेंपोत बसलेले.

"माझं नाव येईस्तोवर मी उतरणार नाय!"

टेंपोचा ड्रायव्हर वैतागला, नंदूने हात जोडले. शेवटी मंदाताई रस्त्यात उभी राहिली, इस्माईलभाईंनी टेंपोच्या फाळक्यावर ठेका धरला आणि मामांच्या नावाचं अख्खं कडवं झालं. मामांचे डोळे भरून आले. ते उतरले, टोपी नीट केली.

"झ्याक! आता येकदा माईकवर म्हना."

*

मला हे काम मिळालं कारण जागा रिकामी झाली. माझ्या आधी कोरसला मंदाताईची लेक सुजाता होती. गोड आवाज, आईच्या श्वासाचा अंदाज एकदम बरोबर. तिने शेलूच्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि संध्याकाळी आईला फोन केला. ना मांडव, ना हळद. दोन तालुक्यांतल्या नवऱ्या हिने पिवळ्या केल्या, आणि घरची नवरी सही करून गेली!

मुलगा कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे सगळं मंदाताईने आठवड्यात गिळलं. हळद मात्र तिला गिळता आली नाही.

"माज्या लेकीला हळद लागली नाय," ती म्हणाली. "आता तिचं नाव माज्या तोंडातून निघायचं नाय."

फोन बंद, जाणं-येणं बंद. नावं घेऊन जी पोट भरते तिने एक नाव टाकायचं, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. काम मिळाल्याचा आनंदही झाला, उगाच खोटं कशाला बोलू!

*

पुढे नेरळला एका हळदीत नवरीचंच नाव सुजाता निघालं. मी भीतभीत कानात सांगितलं. मंदाताईने ऐकलं नि सुरू केलं, "नवरीबाई गं, नवरीबाई." पहिलं कडवं नवरीबाई, दुसरं कडवं नवरीबाई. नवरीचे वडील तरातरा स्टेजवर आले.

"ओ ताय, आमच्या पोरीला नाव हाय! पत्रिकेत छापलंय!"

मंदाताई पाणी प्यायला लागली. पीतच राहिली. तेव्हा इस्माईलभाईंनी ढोलकी न थांबवता माईक ओढला आणि नाव स्वतः गायलं. इस्माईलभाईंचं आणि सुराचं नातं जरा लांबचं आहे. सगळी हळद त्या नाजूक पोरीचं नाव त्या भरदार मिशीतून येत राहिलं. आता हे लोक आपल्याला हाकलणार, असं धरून मी चपला शोधून ठेवल्या.

वडील जाम खूश! "बाप्याचा आवाज दमदार हाय. धाकटीच्या हळदीला यालाच बोलवू."

*

आता रेकॉर्डिंगचं सांगते. पहिलं रेकॉर्डिंग एका शहरी स्टुडिओत झालं. रेकॉर्डिस्ट शिस्तीचा माणूस, हसायला बंदी असल्यासारखा.

"ताई, नावं नकोत. गाणं सगळीकडे वाजणार आहे. जनरल म्हणा."

"जनरल हळद कुनाला लावतात?" मंदाताईने विचारलं.

मग तिने त्याच्याच घरच्यांची नावं विचारली आणि ती घालून गाणं म्हटलं. गाणं तुफान चाललं. दोन तालुक्यांत एक मांडव असा नाही जिथे ते वाजलं नाही, आणि प्रत्येक मांडवात त्या रेकॉर्डिस्टच्या गणपत मामाला सगळ्यात आधी मान! चौक गावात एका नवऱ्याच्या खऱ्या मामाने स्पीकरची वायर उपटली. "ह्यो गणपत कोन? भाचा माजा की त्याचा?"

महिन्याभराने रेकॉर्डिस्टचाच फोन आला. आवाज एकदम पडलेला.

"ताई, आमच्या आईचं आणि गणपत मामांचं बोलणं बंद झालंय. ते नाव काढता येईल का?"

*

दुसऱ्या वेळी स्टुडिओ नवा, पोरगा नवा आणि कॉम्प्युटर तर भलताच नवा. पोरगा म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज मधेमधे हलतो. मी सरळ केलाय." जणू काही पत्र्याला पोचा आला होता! त्याने अभिमानाने ऐकवलं. मंदाताई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होती.

"बरी गाते," ती म्हणाली. "कोन हाय ही?"

"तुम्हीच, मावशी!"

"नाय रं बाबा. या बाईच्या घरातनं अजून कुनी गेलेलं दिसत नाय."

पोरग्याने आवाज पुन्हा वाकडा करून दिला. कसा केला, हे त्यालाही सांगता आलं नाही.

*

मग आला व्हिडिओ. खालापूरजवळच्या एका फार्महाऊसवर शूटिंग. डायरेक्टरने मंदाताईकडे पाहिलं, मग मुंबईहून आणलेल्या एका मॉडेलकडे पाहिलं आणि कला म्हणजे काय याचा निर्णय झाला. गाण्यावर ओठ मॉडेलने हलवले. मंदाताईला मागे तुळशीपाशी उभं केलं, हातात सूप दिलं. "तुम्ही फक्त आत्या म्हणून वावरा," म्हणाला.

व्हिडिओ गाजला. पुढे कर्जतला एका कार्यक्रमात 'हळदीचा आवाज' म्हणून त्या मॉडेलचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आम्हालाही आमंत्रण होतं, म्हणजे सत्काराआधी लोकांना बसवून ठेवायला आम्ही गायचं होतं. मंदाताई गायली. नंतर एक पुढारी उठून तिच्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला.

"चांगलं म्हणता हो. अगदी त्या बाईसारखंच! सराव सोडू नका."

नंदू उत्तर द्यायला उठला होता. मंदाताईने त्याला खाली बसवलं आणि पुढाऱ्याला वाकून नमस्कार केला. इतका वेळ वाकलेली राहिली की पुढाऱ्याला अवघडल्यासारखं झालं.

*

एक रेकॉर्डिंग मात्र झालंच नाही. गाण्यांच्या कंपनीवाल्याला पाठवणीचं गाणं हवं होतं. आई लेकीला निरोप देते, वगैरे. "इमोशनल पाहिजे हां, पण फार नको. रिंगटोनला चालत नाही," असं त्याने बजावलं.

मंदाताईने हेडफोन घातले. "लेकीचं नाव काय?"

"काहीही घ्या. तुमच्या मनातलं कुठलंही."

म्युझिक सुरू झालं, संपलं. पुन्हा लावलं, पुन्हा संपलं. काचेपलीकडे ती नुसती उभी होती. मग तिने हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले आणि बाहेर आली.

"आज घसा बसलाय."

परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर, साखर कमी पडली म्हणून ती नंदूवर अशी ओरडली की समोरच्या पेट्रोल पंपावरची माणसं वळून बघायला लागली. घसा उत्तम होता. आम्ही तिघं खाली मान घालून चहा प्यायलो.

*

आणि आता शेलू. नंदूने सवयीप्रमाणे फोनवर "हो हो, येतो" म्हटलं होतं. नव्या बिल्डिंगींच्या मागच्या जुन्या वस्तीत मांडव होता, नवरदेवाची हळद. संध्याकाळी पोचलो. मी नावं घ्यायला आत गेले, आणि हळदीचं ताट धरून समोर सुजाता! नवरदेव तिचा धाकटा दीर होता.

मी दारातच अडखळले. ती मात्र शांतपणे नावं सांगायला लागली. सासूचं सांगितलं, मावशीचं सांगितलं, आत्याचं सांगितलं.

"आणि वहिनी?" मी विचारलं.

"वहिनीचं सोड. गाळ ते."

मागून सासू कडाडली. "सोड काय, सोड? थोरली सून हाय ती घरातली! नाव आलंच पायजे. तुज्या आयला सांग, मी बोलले म्हनून!"

म्हणजे सासूला सगळं ठाऊक होतं. आमचं बुकिंग कुणी केलं असेल, हेही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं.

मी बाहेर आले. मंदाताईने मांडवात लेकीला पाहिलं होतं. ती नंदूवर ओरडली नाही, तेव्हाच मला खरी भीती वाटली. गाणं सुरू झालं. सासूचं नाव आलं, ती उठली, हळद लावून बाजूला झाली. मावशी झाली. पुढचं नाव वहिनीचं. मी कानाशी तोंड नेलं आणि घाबरून नुसतं "वहिनी" म्हणाले.

ढोलकी फिरत होती. इस्माईलभाईंनी एक आवर्तन सोडलं, दुसरं सोडलं आणि हळूच माईककडे हात नेला. मंदाताईने तो हात बाजूला सारला.

"नाव सांग गं," ती मला म्हणाली. "नुसत्या वहिनीला कोन उठवतंय?"

मी सांगितलं. आणि तिने ते घेतलं. "सुजाता." एवढं एकच, लांब, आणि आवाज मधेच हलला. नंदूचं बोट कीबोर्डवर चुकीच्या पट्टीवर पडलं ते तिथेच राहिलं.

सुजाता उठली, पाटाशी आली, दिराला हळद लावायला वाकली. आता पुढचं नाव आत्याचं. मी कानात सांगितलं. मंदाताईने ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा सुजाताच घेतलं. मग तिने कडवंच बदललं आणि नवरीचं कडवं धरलं, जे नवऱ्याच्या दारी कधीच म्हणत नाहीत. "पाटावर बसली सुजाता, तिला हळद लावा गं!"

मांडवात कुजबुज झाली. आत्या ओरडली, "ओ बाय, हळद पोराची हाय, पोराची!"

सासूने तिच्याकडे बघितलंही नाही. तिने ताटातून मूठभर हळद उचलली आणि सुनेच्या दोन्ही गालांना लावली. मग मावशीने लावली. मग शेजारणी उठल्या, कुणाचं नाव यायची वाट न बघता. सुजाता रडत होती आणि कोरस म्हणत होती, माझा कोरस, माझ्याहून चांगला! इस्माईलभाई डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तसेच वाजवत होते. मंदाताई स्टेजवरून खाली उतरली, माईकची वायर पुरेल तिथवर चालत गेली आणि वायर संपली तिथे माईक खाली ठेवून तशीच गात पुढे गेली.

बऱ्याच वेळाने नवरदेवाने पाटावरून मान वर केली. बिचाऱ्याच्या एका गालाला काय ती हळद लागली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "मी बसू का उठू?"