पहिला नंबर

श्यामकांत देवपुजारी आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांचा मदतनीस होता. आमचं शहर हिंदी मुलखातलं. त्याचं घर गुढियारी मोहल्ल्यात, वडील रेल्वेतले, मूळ गाव तुमसरकडचं. मी तिथल्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. एकोणीस वर्षं त्याच्यासोबत काम केलं आणि त्यातली निम्मी भांडण्यात गेली, कारण हा माणूस म्हणजे डोक्याला ताप.

लहान मुलाची केस असली की याचं सुरू. पोराला स्वतः काट्यावर उभं करायचा, हृदयाचे ठोके वाढवणारं अॅट्रोपिन वजनाप्रमाणे सिरिंजमध्ये भरायचा, चिकटपट्टीवर पोराचं नाव लिहायचा आणि मगच पोर आत. तिरळेपणाच्या ऑपरेशनात डोळ्याचा स्नायू ओढला की मुलांचं हृदय एकदम मंदावतं, क्वचित थांबतंही. तेव्हा औषध शोधत बसायला वेळ नसतो. पण बहुतेक वेळा ती सिरिंज तशीच फेकावी लागे.

"काहून वाया घालवता भैया?" मी कुरकुरायची.

"फेकू दे न चित्रा. फेकायले भेटली म्हणजे पोट्टं चांगलं हाय."

गेल्या मे महिन्यात इरावती आली. पाच वर्षांची, यादीत चौथी. सकाळपासून उपाशी, पाणीही बंद, रडून रडून घसा बसलेला. सोबत आजी, कुसुमबाई, श्यामकांतच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. तिनं त्याचा हात धरला.

"भाऊ, पोट्टी पाण्यासाठी तरसून राहिली. हिले पयले घ्या न."

नियमाचा एवढा पक्का माणूस, पण विरघळला. पहिल्या नंबरच्या म्हाताऱ्याला थांबवून त्यानं तिला आत घेतलं. औषधांचा ट्रे त्या म्हाताऱ्यासाठी लावलेला होता, त्यात इरावतीची सिरिंज नव्हती. सिरिंज भरू लगेच, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं, ते मी लपवणार नाही. डॉक्टरांनी तर विचारलंसुद्धा नाही. श्यामकांत असला की कोणी विचारतच नसे.

स्नायू ओढला गेला आणि मॉनिटरची टिकटिक लांबत चालली. एकशे दहा, साठ, बत्तीस.

"खींचना छोड़िए! एट्रोपिन!" भुलीचे डॉक्टर ओरडले.

श्यामकांतचा हात ट्रेवर गेला आणि रिकामाच परत आला. कपाटातून काढलेली औषधाची कुपी घाईत त्याच्या बोटांतच फुटली. दुसरी फोडून भरेपर्यंत टिकटिक थांबली होती. औषध दिलं, छाती दाबायला घेतली. पाऊण तास आम्ही आळीपाळीनं दाबत होतो. केवढीशी छाती ती, माझ्या एका तळहातात मावत होती. इरावती गेली.

व्यवस्थापकानं सगळ्यांना बजावलं: पोरीचं हृदय आधीच कमजोर होतं, एवढंच बोलायचं. श्यामकांत मान खाली घालून ऐकत होता. तो गप्प बसेल असं मला वाटलं. बसला असता तर मी त्याला नावं ठेवली नसती.

कुसुमबाई बाहेर बाकावर होती. हृदय कमजोर होतं, त्यातच पोर गेली, असं तिला सांगून झालं होतं. त्याला पाहताच उठून तिनं हात जोडले. "भाऊ, तुमचे उपकार. तुमी माह्या लेकराले जास्त तरसू नाही देलं."

तो तिच्या पायाशी खालीच बसला. "मावशी, मले हात नका जोडू. तिची दवाई मी भरलीच नव्हती. पयले घ्यायच्या घाईत राहून गेली."

तिनं जोडलेले हात खाली घेतले.

"मंग घाई तं मीच केली न, भाऊ?"

तो नाही नाही म्हणत राहिला. तिनं ऐकलं नाही.