खिडकीतून टाकलेली पिशवी

काल नगरच्या स्टँडवर माझ्या शेजारच्या सीटवर खिडकीतून एक टॉवेल येऊन पडला आणि मला एकाहत्तर सालची मुंबई आठवली. वक्तृत्व स्पर्धेसाठी मी मिरजगावहून पहिल्यांदाच तिथे गेलो होतो. दादरला बस येताच धावलो, आमच्याकडच्या रीतीनं खिडकीतून पिशवी सीटवर टाकली आणि ऐटीत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. पिशवीत, आईनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला, स्पर्धेचा सदरा होता. माझा नंबर यायच्या आधीच कंडक्टरनं हात आडवा घातला, डबल बेल मारली आणि बस निघाली! "अहो, जागा धरलीय माझी!" असं ओरडत मी बसमागे धावत सुटलो. रांग खो खो हसत होती. सिग्नलला बस थांबली तेव्हा कसाबसा चढलो. आत माणसं दाटीवाटीनं उभी, अन् एक सीट रिकामी! शेजारची नऊवारीतली बाई पिशवीवर हात ठेवून सगळ्यांना दटावत होती, "न्हाई, मानूस यायचाय." मला बघून म्हणाली, "नगरकडचा व्हय रं? टेक आता." स्पर्धेत काय बोललो, ते आज आठवत नाही. काल मात्र एक जण तो टॉवेल सारून बसायला लागला, तसा मी त्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "न्हाई, मानूस यायचाय."