लेकीने तूरडाळ मागितली तेव्हा

आमच्या नेरूळच्या सोसायटीत अमेरिकेबद्दल बोलायचा हक्क माझ्याकडे आहे. तो मला कुणी दिलेला नाही, मीच घेतलाय. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून एकदा तिकडे राहून आले. त्यातला बराचसा काळ डिंकाचे लाडू वळण्यात गेला आणि उरलेला बाहेर बर्फ पडतोय म्हणून घरातच. पण परत आल्यावर माझा थाट असा, की तो देश जणू मीच वसवलाय.

आमच्या महिला मंडळात दर महिन्याला कुणी ना कुणी काहीतरी बोलतं. एकदा वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विषय काढला, की अमेरिकेत म्हणे गरिबी वाढत चाललीय, माणसं तंबूत राहतात, फुकट धान्याच्या रांगा लागतात, त्यांनी बातम्यांत बघितलं. मला असा राग आला! माझ्या अमेरिकेत गरिबी, आणि तीही मला न विचारता? मी उठले आणि ठणकावून सांगितलं, "काही गरीबबिरीब नाहीत हो, आळशी आहेत. मी स्वतः बघितलंय. सिग्नलला पुठ्ठ्याची पाटी धरून एक बाप्या उभा होता, पायातले बूट आमच्या ह्यांच्या बुटांपेक्षा भारी! आणि रांगेत येतात ते गाडी घेऊन. गाडीवाला कधी गरीब असतो का?" टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माझं नेहमीच वाटोळं केलंय.

खरे गरीब कसे असतात ते मला पक्कं ठाऊक होतं. ते दिघ्याच्या झोपडपट्टीत राहतात. मंडळातर्फे आम्ही दरवर्षी तिथे जाऊन किराण्याच्या पिशव्या वाटतो, तांदूळ, डाळ, साखर, तेल. पिशवी देताना फोटो काढायचा हा आमचा नियम. सुरुवातीला व्हायचं काय, पिशवी हातात पडली की बायका निघून जायच्या आणि फोटोत नुसती मी, रिक्षाला हात केल्यासारखी. मग मी युक्ती काढली. फोटो निघेपर्यंत पिशवी सोडायचीच नाही. एक बंद माझ्या हातात, दुसरा त्या बाईच्या, आणि वर मी म्हणायचं, "ताई, जरा इकडे बघा, हसा की!" गेल्या खेपेला एकीने पदर तोंडावर ओढला. मी म्हटलं, "अगं, लाजतेस कशाला? आपलीच माणसं आहोत." तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. लेकीने काहीच पाठवलं नाही. मला वाटलं, कामात असेल.

जावयाची नोकरी गेल्याचं आम्हाला माहीत होतं. "दुसरी मिळेल" असं लेक म्हणाली आणि आम्ही मानलं. अमेरिकेतली नोकरी म्हणजे स्टेशनबाहेरची रिक्षा, एक गेली की मागे दुसरी उभीच, अशी माझी समजूत. लेक एका दुकानात अर्धा दिवस काम करायला लागली, तेही मी इकडे "तिला घरात बसवत नाही हो" असं सांगून मिरवलं.

तेवढ्यात वरच्या वहिनींचा भाचा तिकडे निघाला. त्याच्या बॅगेत थोडी जागा होती. मी लेकीला विचारलं, काय पाठवू? एरवी तिचं उत्तर ठरलेलं, "काही नको गं, इथे सगळं मिळतं." या वेळी मात्र पटकन म्हणाली, "तूरडाळ पाठव. जमली तर मूगडाळ. आणि पोहे."

माझा ऊर भरून आला. आमच्या ह्यांना म्हटलं, "बघा, इतकी वर्षं झाली तरी माझ्या हातचं वरण आठवतं पोरीला."

हे म्हणाले, "मग डाळ पाठव."

"डाळ काय पाठवायची? तिला घरची आठवण येतेय, एवढंही कळत नाही का तुम्हाला?"

मग मी कंबर कसली. चकल्या तळल्या, करंज्या केल्या, साताऱ्याहून येणाऱ्या माणसाकडून कंदी पेढे मागवले. डाळीला जागाच उरली नाही. आणि खरं सांगू? परक्या पोराच्या बॅगेतून अमेरिकेला तूरडाळ धाडायची म्हणजे वहिनी काय म्हणतील, ह्याचंही मला टेन्शन होतं.

खाऊ पोचल्यावर लेकीचा फोन आला. "आई, डाळ नाही पाठवलीस?"

"अगं, डाळ तर तिकडेही मिळते की!"

 "हो, मिळते," ती म्हणाली.

"चकल्या कशा झाल्यात?"

"छान झाल्यात. मुलांनी काल रात्री त्याच खाल्ल्या."

झालं! दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, मंडळात, जिथे माणूस दिसेल तिथे मी सांगत सुटले, की माझी नातवंडं जेवण सोडून चकल्या खातात. कप्पाळ माझं! जेवण सोडून कुठली खातायत? तेच त्यांचं जेवण होतं. पण हे डोक्यात शिरायला मला पुढचा शनिवार उजाडावा लागला.

शनिवारी संध्याकाळी मी नुकताच देवापाशी दिवा लावला होता, हे खाली चक्कर मारायला गेले होते. लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ. ती गाडीत बसलेली, केस नुसते वर बांधलेले.

"कुठे निघालीस गं?"

"निघाले नाही. एका चर्चबाहेर थांबलेय."

"अगं बाई! धर्मबिर्म बदलतेयस की काय?"

"नाही गं आई. इथे तळघरात शनिवारी किराणा देतात. फुकट. ज्याला लागेल त्याला."

मी कसली खूश झाले! "वाटायला गेलीस होय? शाब्बास! अगदी माझ्यावर गेलीयस."

 ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आई, घ्यायला आलेय."

 मग तीच सांगत गेली. नोकरीबरोबर दवाखान्याचा विमा गेला. धाकट्याच्या दम्याचं औषध आता सगळं पदरचं. घराचा हप्ता चुकवता येत नाही, वीज तोडून चालत नाही, मग चिमटा काढायचा कशाला, तर पोटाला. गेल्या शनिवारीही ती इथवर आली होती आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली होती. घरात आज रात्रीपुरते पोहेसुद्धा नाहीत.

"सगळे गाड्या घेऊन आलेत गं," ती म्हणाली. "एक बाई तर नर्सच्या कपड्यांत आहे. कामावरून थेट आली असेल." मी मान हलवली. गाडीवाल्यांबद्दलचं माझं मत तिने ऐकलेलं नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

"आई, एक विचारू? तिथे फोटो काढत असतील का?"

  ग्रुपवरचा तो फोटो तिने बघितला होता, पदर ओढलेली ती बाई बघितली होती, आणि अमेरिकेत चर्चच्या दाराशी माझ्या लेकीचा पाय अडला होता तो माझ्यामुळे. मला स्वतःची एवढी लाज वाटली की विचारू नका. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. ही आज पुन्हा परत फिरली तर पोरं रात्री खाणार काय?

म्हटलं, "पैसे पाठवते."

"तुमच्या पेन्शनला हात लावायचा नाही. अजिबात नाही."

"मग इकडे निघून या सगळे."

"आई, असं उठून येता येतं का?" आणि मग अगदी हळू म्हणाली, "मी आत गेले तर तुला चालेल का?"

घोड्याएवढी झालेली माझी पोर, दोन मुलांची आई, आणि अन्न घ्यायला माझी परवानगी मागतेय! मला रडू फुटलं आणि रागही आला, कुणाचा ते धड कळेना. "चालेल का काय विचारतेस? जा! मोठी पिशवी घेऊन जा. आणि कुणी मोबाइल वर केलाच, तर सांग, माझी आई नेरूळहून येऊन फोडेल तो."

ती हसली. मी म्हटलं, "फोन ठेवू नकोस. तसाच खिशात असू दे."

मग पडद्यावर अंधार आणि कानाला नुसते आवाज. दार, पायऱ्या, माणसांची कुजबुज. माझा जीव कानात गोळा झाला होता. एका म्हातारीचा आवाज आला. माझं इंग्रजी बेताचंच, पण एवढं कळलं. तिने विचारलं, घरात किती जण? लेक म्हणाली, चार. आता पुढचे प्रश्न येतील म्हणून मी देवाचा धावा करत होते. नवरा काय करतो, पितो का, मग गाडी कशी, इतके दिवस काय करत होता? दिघ्याला मी विचारते ते सगळे. म्हातारीने एवढंच विचारलं, मुलं दूध पितात का?

लेकीला उत्तर द्यायला वेळ लागला. म्हातारी थांबली. मग "हो" ऐकू आलं.

थोड्या वेळाने गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि तिचा चेहरा पुन्हा दिसला. "आई, तांदूळ दिले. बटाटे, अंडी. दूध दिलं, दोन कॅन," असं सांगता सांगता तिला हुंदका आला आणि मग थांबेचना. मीही इकडे पदर डोळ्याला लावून बसले.

म्हटलं, "आधी तिथेच बसून पोटभर रडून घे. मग गाडी काढ. घाई काय आहे?"

"नाही गं," ती नाक पुसत म्हणाली आणि तिने गाडी चालू केली. "जागा करून द्यायला हवी. मागे पार रस्त्यापर्यंत गाड्या थांबल्यात."