मुरलीचा चौथरा

चार माणसं एका कामाला लागली की काम मुंगीच्या पावलानं होतं आणि किस्से मात्र भराभर साठतात. आमच्या कुंभकोणममध्ये मुरलीचं स्मारक उभं राहीपर्यंत तेच झालं. आमची घरं मराठेशाहीत इथे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. आमचं मराठी ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे हसतात, 'किती जुनं बोलता हो!' म्हणतात. मी तरुणपणी पुण्यात भांड्यांच्या दुकानात नोकरी केली, म्हणून हे तुमच्या मराठीत सांगतोय.

मुरली आमच्या गल्लीतला. सैन्यात होता. उत्तरेकडे बर्फात गस्तीवर असताना गेला. तिरंग्यात गुंडाळून आला तेव्हा बस स्टँडपासून नदीपर्यंत माणसंच माणसं होती. गर्दी ओसरली आणि मग आम्ही कमिटी केली.

* * *

पहिली मीटिंग विठ्ठल मंदिरात, भजनानंतर. अध्यक्ष खंडेराव मामा, पोस्टातून रिटायर झालेले. कोणी म्हणालं कमान बांधू, कोणी म्हणालं वाचनालय. अर्धा तास नुसता कल्ला! मुरलीची आई, रुक्माबाई, मागे खांबाला टेकून बसली होती. मामांनी विचारलं, "तुम्हांस काय वाटतें?"

ती म्हणाली, "काय बांधायचें तें बांधा. मजला तेथें बसायला थोडी जागा ठेवा, म्हणजे झालें."

कमान, वाचनालय सगळं मागे पडलं. स्टँडजवळच्या कडुलिंबाखाली चौथरा, त्यावर अर्धपुतळा आणि समोर दगडी बाक, असं ठरलं. बाक आधी ठरला खरं तर!

* * *

वर्गणीसाठी आम्ही जवळच्या तिरुविडैमरुदूर गावच्या एका बड्या शेतमालकाकडे गेलो. मोठा वाडवडिलांचा जमीनजुमला, भाताची शेती. फिल्टर कॉफी आली, देशभक्तीवर भाषण झालं. शेवटी म्हणाले, "देतो. पण दगडावर माझ्या वडिलांचं नाव आलं पाहिजे. मोठ्या अक्षरांत."

मला वाटलं, मामा आता 'बघतो' म्हणतील. मामांनी कॉफीचा डबरा, म्हणजे ती पितळी वाटी, खाली ठेवला. "सर, त्या दगडावर नाव यायचा दर एकच आहे. मुरलीनं तो भरला. तुमच्या घरातून कोणी भरणार?"

मी चपला कुठे काढल्या ते आठवायला लागलो!

ते गृहस्थ उठले. मग आत जाऊन पाकीट घेऊन आले. पावतीवर नाव काय लिहू विचारलं तर म्हणाले, "एक शेतकरी, असं लिहा."

* * *

पुतळा ब्राँझचा करायचा ठरला. जवळच ओतकाम करणारे स्थपती आहेत, पिढ्यान्‌पिढ्या देवांच्या मूर्ती करणारे. त्यांनी फोटो बघून मेणाचा नमुना केला आणि आम्हाला बोलावलं. अर्धे मिटलेले डोळे, लांब कानाच्या पाळ्या, ओठांवर मंद हसू. युनिफॉर्म घातलेला साक्षात विष्णू!

रुक्माबाईनं हात जोडले. म्हणाली, "फार सुंदर केलांत हो. पण हा कोण?"

स्थपती ओशाळले. ती जवळ गेली. "माझ्या मुलाचा डावा कान पुढे आलेला होता. पोरें त्यास चिडवायचीं."

ते म्हणाले, "अम्मा, मूर्तीत असा दोष ठेवत नाहीत."

"देवाच्या मूर्तीत ठेवूं नका. हा माझा आहे."

स्थपतींनी सुरी गरम केली. कान पुढे आला आणि मेणातून मुरली आमच्याकडे बघायला लागला. खंडेराव मामा बाहेर जाऊन उभे राहिले. डोळ्यांत धूर गेला म्हणे. सुरीचा कसला आलाय धूर!

* * *

मग दगडावरच्या मजकुराच्या भाषेवरून भांडण. मुरलीचा मित्र सेल्वम ऑटो चालवतो. तो म्हणाला, "स्टँडवर थांबणारी माणसं वाचणार. तमिळच हवं." मामा भडकले. "मुलगा मराठी घरचा! खाली एक ओळ तरी मराठी पाहिजे, देवनागरीत!"

मी कागदावर ओळ लिहून मामांपुढे धरली. "बघा, बरोबर आहे का?"

मामांनी कागद लांब धरला, जवळ आणला, चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "मजला देवनागरी कोठें येते? पण असायला हवें!"

खोलीतल्या निम्म्या लोकांचं तेच होतं. शेवटी मराठी ओळ तमिळ अक्षरांत कोरली. आता स्टँडवरची माणसं ती मोठ्यानं वाचतात आणि एकमेकांना विचारतात, "म्हणजे काय?" सेल्वम पाठ केल्यासारखा अर्थ सांगतो.

* * *

मुरलीचे वडील, गोपाळराव, एकाही मीटिंगला आले नाहीत. लग्नाकार्यात स्वयंपाकाची कामं घेतात. मुळात अबोल माणूस. चौथरा बांधून झाला त्या दिवसापासून मात्र ते सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन यायचे आणि सिमेंटवर पाणी मारायचे. आठवडे गेले. गवंडी म्हणाला, "अण्णा, पुरे आता. केव्हाच पक्कं झालंय."

"असूं दे," ते म्हणाले. "उन्हाळा आहे."

* * *

अनावरणाच्या आदल्या दिवशी मी माझ्या भांड्यांच्या दुकानात होतो. समोरचा चहावाला एका तरुणाला घेऊन आला. गोरापान, हिमाचलकडचा, पाठीला फौजी बॅग. चहावाला म्हणाला, "हा काय बोलतो कळत नाही. हिंदी पण नाही. तुमच्यासारखं काहीतरी वाटतंय."

तरुण माझ्याकडे वळला आणि स्पष्ट म्हणाला, "मजला पाणी देतां कीं?"

मी थक्क! त्याचं नाव देवेंदर. मुरलीबरोबर एकाच चौकीवर होता, अनावरणासाठी आला होता. हिंदीत म्हणाला, "मुरली से तमिल सीखी थी. पर यहाँ तो कोई समझता ही नहीं!"

"अरे बाबा, ये तमिल नहीं है," मी म्हटलं. "ये हमारे घर की मराठी है."

त्याचा चेहरा पडला. "उसने कहा था, घर पे यही बोलते हैं."

"घर पे यही बोलते हैं," मी म्हणालो आणि दुकान बंद करून त्याला मुरलीच्या घरी घेऊन गेलो.

दार उघडंच होतं. रुक्माबाई आत पाठमोरी बसून भाजी चिरत होती. मी हाक मारणार, तेवढ्यात देवेंदर उंबरठ्याशी थांबला. मुरली चौकीवरून रोज घरी फोन लावून पहिलं वाक्य जे बोलायचा, ते त्यानं इतक्या वेळा ऐकलेलं की हेलसुद्धा तोच निघाला.

"अम्मा, जेवलीस कीं?"

विळीवरचा हात थांबला नाही. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"अजून नाहीं रे. तूं हातपाय धू. वाढतें."

देवेंदरनं बूट काढले आणि नळ कुठे आहे, ते मला खुणेनं विचारलं.